ताकदीची लाल सुई

"मावशी, लाल हाय का?"

दवाखान्याच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या माणूस आधी हे विचारायचा. ताप आहे, खोकला आहे, पोट दुखतंय, ते सगळं मागाहून. आणि मी आतल्या खोलीत, स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काचेची सिरिंज काढता काढता ओरडायचे, "हाय, हाय! बसा बाकड्यावर."

लाल म्हणजे ताकदीची सुई. आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात नव्वदच्या दशकात ही सुई घेतली नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याला घरी बोलवून जेवायला घालीन.

कळंबला, पुणे-नाशिक रस्त्याला लागूनच आमच्या डॉक्टरांचा दवाखाना. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, शेडात दोन बाकडी. मी तिथं लागले ती झाडलोटीला. शिक्षण चौथी. वर्षभरानं तिथला कंपाउंडर चाकणला कंपनीत कामाला गेला आणि डॉक्टरांची अडचण झाली. त्यांनी मला हाक मारली, म्हणाले, "शकूबाई, हात थरथरतो का तुमचा?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग उद्यापासून सुया तुम्ही द्यायच्या."

एवढीच माझी मुलाखत आणि तेवढंच माझं सर्टिफिकेट. आज असं कुणी केलं तर दोघांनाही आत घालतील, आणि बरोबरच आहे ते. पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगत बसले नाही.

शिकले मात्र मनापासून. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो बघा, बारीक किड्यामुंगीसारखी अक्षरं, सगळं इंग्रजी. लोक तो फेकून देतात. मी तो घरी न्यायचे. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती, तिच्या पुस्तकावरून एबीसीडी लावायची आणि अक्षराला अक्षर जोडायचं. आजही मला इंग्रजीत 'मांजर' लिहायला सांगितलं तर जमायचं नाही. पण सायनोकोबालामिन न चुकता लिहीन.

तर हे सायनोकोबालामिन म्हणजेच आमचं लाल. बी जीवनसत्त्व म्हणतात ते काही एकटंदुकटं नाही, मोठं खटलं आहे. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ आणि बारा. मी डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, मधले चार, आठ, दहा, अकरा कुठं गेले?" डॉक्टर म्हणाले, "आधी घरातले समजून मोजले, मग कळलं ते पाहुणे होते." प्रत्येकाचं काम वेगळं. एक नंबर धान्याच्या कोंड्यात असतो, तो खाल्लेल्या भाकरीचं बळ करतो. दोन नंबर कमी पडला की तोंडाचे कोपरे चिरतात. नऊ नंबर पालेभाजीत, तो रक्ताला लागतो. आणि बारा नंबर रक्ताला लागतो आणि नसांनाही. लाल रंग या बाराव्याचाच. कुणी वरून घातलेला नाही, त्याच्या अंगचाच. उजेड लागला की बिघडतं म्हणून कुपी तपकिरी काचेची. तिच्या मानेवर बारीक करवतीनं एक रेघ ओढायची, टिचकी मारायची, कट्‌ असा आवाज येतो. तो आवाज आला की बाकड्यावरच्या माणसाचा चेहरा निम्मा सुधारलेला असायचा. सुई अजून माझ्या हातातच.

लोकांचा हिशेब सरळ होता. रक्त लाल, औषध लाल, म्हणजे बाटलीतलं रक्तच ते. आणि सुई झोंबली पाहिजे. झोंबली नाही तर म्हणायचे, "मावशी, आज पाणीच टोचलं जनू."

आता सुई टोचायचीही एक रीत असते. माणूस घाबरला की अंग ताठ करतो आणि ताठ अंगात सुई जास्त दुखते. म्हणून टोचायच्या आधी काहीतरी विचारायचं. बाप्याला विचारायचं, "यंदा बटाटा कसा हाय?" बाईला विचारायचं, "सून कशी हाय?" बटाट्याला एक सुई निघायची. सुनेचा विषय निघाला की तीन टोचल्या तरी बाईला पत्ता नसायचा. मी नुसती विचारायचे. उत्तराकडं माझं लक्ष कशाला असतंय, माझं लक्ष सुईकडं.

गिऱ्हाइकं काय एकेक होती! हो, आम्ही पेशंट म्हणायचो, पण खरं तर ती गिऱ्हाइकंच.

लोणीचा एक पैलवान यायचा. जत्रेच्या हगाम्याआधी चार दिवस. हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या. दार भरून जाईल असा गडी, दोन्ही कान मुडपलेले. उजव्या दंडात लाल सुई घेतली आणि डावा दंड पुढं केला.

मी म्हटलं, "आता ह्यो कशाला?"

"मावशी, एकीकडंच ताकद आली तर तोल जाईल की माझा."

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी खाली मान घालून चिठ्ठीवर रेघोट्या ओढल्या, म्हणजे हसू दाबलं. म्हणाले, "द्या त्यांना. अर्धी-अर्धी." पैलवानाची त्या साली कुस्ती बरोबरीत सुटली. तो पुढच्या साली परत आला आणि म्हणाला, गेल्या टायमाला अर्धी दिली म्हणून बरोबरी झाली, आता पुरी द्या.

निरगुडसरचे एक तात्या होते, अशक्तपणा म्हणून आले. त्यांना डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि त्यात बी-कॉम्प्लेक्स सोडलं. पिवळंधमक दिसतं ते. लोकांना सलाईन पिवळं असलं की भारी वाटतं. तात्या झोपले, उठले, खूश होऊन एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा मोटारसायकलवर घाबराघुबरा. "मावशी, बापाला कावीळ झाली! लघवी हळदीसारखी व्हतीया!" आता शरीराला लागेल तेवढं घेऊन उरलेलं ते लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि तो पिवळा रंग दोन नंबरच्या जीवनसत्त्वाचा. डॉक्टरांनी हे त्याला पंधरा मिनिटं समजावलं. मुलानं मान डोलावली. पण तात्या तोवर एका वैदूकडं जाऊन कावीळ उतरवून आले होते. दोन दिवसांत लघवी साधी झाली, म्हणजे वैदूचाच गुण. वर्षभर ते मला सांगत होते, "तुमच्या दवाखान्यात कावीळ झाली मला, पर राग न्हाई आपला."

आणि एकीची गोष्ट मात्र हसून सांगता येत नाही. डिंभ्याच्या वर, डोंगरातल्या वाडीवरची बाई. भात आणि नाचणीची शेती. नातवाच्या तोंडाचे कोपरे चिरलेले, जीभ लालबुंद. डॉक्टरांना द्यायला म्हणून तिनं फडक्यात दोन शेर तांदूळ बांधून आणला होता, हातसडीचा, तांबूस. लाजत लाजत म्हणाली, "घरचाच हाय. आता आमी बी पांढराच खातो, गिरणीतला. पावणं हसत्यात ह्या तांदळाला. पर दुसरं काय आणू?"

डॉक्टरांच्या घरी तो तांदूळ कुणी खाल्ला नाही. कोंबड्यांना गेला. आणि पोराला मी बी-कॉम्प्लेक्सची सुई टोचली आणि सरबतासारखं औषध दिलं. ज्या तांदळात बी जीवनसत्त्व होतं तो कोंबड्यांनी खाल्ला आणि तेच बाटलीत भरलेलं पोराला. मी तेव्हा एवढा विचार केला नव्हता. कोंबड्या मात्र त्या साली चांगल्या होत्या.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, ह्यातल्या किती जणांना खरी गरज असती?"

डॉक्टर म्हणाले, "शकूबाई, मी नाही दिली तर तो मंचरला जाईल. तिथं त्याला दोन सलाईन लावतील. माझ्याकडं निदान एका सुईत भागतंय." माणूस वाईट नव्हता. लोकांना सुई हवी होती आणि ते सुई देत होते. मी टोचत होते. तिघंही सुखी.

दोन हजार साल उलटल्यावर डॉक्टरांची सून आली. पुण्याला मोठी डॉक्टरकी शिकलेली. तिला सगळे मॅडम म्हणायला लागले. पहिल्याच आठवड्यात तिनं सुयांचं कपाट उघडलं, लाल खोक्यांची चळत बघितली आणि मला विचारलं, "मावशी, आपल्याकडे एवढे नसांचे आजारी लोक आहेत?"

मी म्हटलं, "न्हाई वो मॅडम, ही ताकदीची."

झालं. त्या दिवसापासून लाल सुई बंद. ज्याला खरंच लागेल त्यालाच, तीही तपासून. भिंतीवर मॅडमनं स्वतःच्या हातानं एक तक्ता लावला. कुठलं जीवनसत्त्व कशातून मिळतं. तांदूळ तीन-तीनदा चोळून धुऊ नका, भाजीचं पाणी फेकू नका, कडधान्याला मोड आणा. बाकडी ओस पडली. म्हातारे डॉक्टर शेडात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे आणि रस्त्यानं मंचरकडं जाणारं आपलं गिऱ्हाईक दिसलं की पेपर वर धरायचे.

आणि माझं काय झालं? मी बदलले. नुसती बदलले नाही, मॅडमच्या चार पावलं पुढं गेले. बारा वर्षं सुया टोचलेली बाई एकदा सुईच्या विरुद्ध गेली की तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. महिला मंडळात, लग्नाच्या मांडवात, दळणाच्या रांगेत माझी भाषणं सुरू झाली. "बायांनो, ताकद सुईत नसती, ताटात असती!" नंबरवार सगळं सांगायचे. फक्त बारावा गाळायचे. मॅडम म्हणाली होती, "बी-बारा दूधदुभतं, अंडी, मटण-मासे यातच मिळतं. धान्यात, भाजीत नसतं. पण दूध तर आपल्याकडे घरोघरी आहे." मी म्हटलं, दुधाच्या गावात हे कशाला सांगत बसायचं. भाषण लांबतं.

आता आक्काचं सांगते. सांगायचं खरं तेच आहे, बाकीचं मी उगाच सांगत बसले, धीर येईना म्हणून.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लागून. दीर लवकर गेले, मुलगा भोसरीला कंपनीत, तिकडंच त्याचा संसार. आक्का इथं एकटी, दोन जर्सी गाया सांभाळून. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, आणि त्यातलं लोटाभर माझ्या घरी पाठवायचं. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मटण-अंडं लग्नापासूनच नाही. मुलगा म्हणायचा, गाया विकून माझ्याकडं ये. आक्का म्हणायची, "चालता येतंय तवर मी कुनाच्या दारात जायची न्हाई." तिचं सगळं राज्य त्या चालण्यावर होतं.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास गावातून काशीला गाडी गेली होती. आम्ही दोघीही होतो. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची असते, ती परत आयुष्यात खायची नाही. आता माणसं हुशार. एकीनं कारलं सोडलं. एकानं सफरचंद सोडलं, जे त्यानं सगळ्या जन्मात दोनदा खाल्लं असेल. मी स्वतः ढेमसं सोडली, मला ती आधीपासूनच आवडत नाहीत. आक्कानं पाण्यात उभं राहून हात जोडले आणि दूध सोडलं.

मी घाटावरच म्हटलं, "आक्का, डोकं फिरलं का तुमचं? दुसरं काय सोडा की."

"आवडीचं सोडायचं असतं ना? मला दुधाशिवाय दुसरं काय आवडतंय?"

आणि तिनं ते पाळलं. दूध नाही म्हणजे दही नाही, ताक नाही, तूप नाही. कोरा चहा. रोज दोन गायांची धार काढणारी बाई, बोटाला लागलेलं दूध पदराला पुसायची.

सहा-सात वर्षं काही झालं नाही. हे बी-बारा मोठं चिवट असतं म्हणतात, शरीर साठवून ठेवतं आणि पुरवून पुरवून वापरतं. मग आक्काची कुरकुर सुरू झाली. जीभ सोलल्यासारखी झालीय, तिखट लागतं. दम लागतो. पायाला मुंग्या येतात. एक दिवस डेअरीतून आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं पडली तिला कळलंच नव्हतं. आम्ही दोघी हसून हसून लोळलो. मी म्हटलं, "आक्का, कुनाच्या नादात चालल्या व्हता?" ती म्हणाली, "ह्या वयात नाद कसला, पायच येडं झाल्यात."

आणि मग तिनं मागितलं.

"शके, ते तुझं लाल पाणी टोच की मला एकदा."

"आक्का, तुमी पन? बंद केलं ते सगळं."

"त्या लोणीच्या पैलवानाला दोन्ही दंडात दिलंस. मला एक द्यायला तुझं काय जातंय?"

"त्याला बी द्यायला नव्हतं पायजे. उगं मनाचं समाधान असतं ते."

"मग माझ्या मनाचं कर की समाधान."

मी काय केलं असेल? भाषण केलं. घरच्या घरी, दाराच्या उंबऱ्यावर बसून, एकट्या आक्कापुढं. नाचणी खा, मटकीला मोड आणा, चाकवत-शेपू-तांदूळजा खा, तांदूळ कमी धुवा. आक्कानं ऐकलं. ती माझं नेहमी ऐकायची, दवाखान्यात काम करते म्हणून. महिनाभरात तिच्या घरी मटकीचं फडकं कायम टांगलेलं. वर मी उपकेंद्रातल्या नर्सबाईकडून लोहाच्या आणि फॉलिकच्या गोळ्या आणून दिल्या. फॉलिक म्हणजेच तो नऊ नंबर.

दोन महिन्यांत आक्काच्या तोंडावर तजेला आला. दम लागायचा थांबला. मी आरसा नेऊन तिच्या हातात दिला. "बघा! सुईबिगर!"

"तोंड सुधारलं गं," आक्का म्हणाली, "पाय न्हाई सुधारलं."

"पायाला वेळ लागतो."

हे मी बोलले. कुठल्या पातळ कागदावर वाचलं होतं, विचाराल तर कुठंच नाही. तोंडाला आलं आणि बोलले. ती मधूनमधून परत मागायची. "शके, एकच." मी हसण्यावारी न्यायचे. पुढं पुढं तर महिला मंडळात नाव घेऊन सांगायला लागले, आमच्या आक्कालासुद्धा सुईचं याड आहे म्हणून. बाया हसायच्या. आक्काही हसायची, भिंतीला हात धरून.

असे आठ महिने गेले.

एके सकाळी, चांगलं उन्ह आलं होतं, मी नळावर हंडा लावून उभी. आक्का तिच्या दारातल्या दगडावर तोंड धुत होती. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि पोतं कलंडावं तशी आडवी झाली. पाय घसरला नाही, काही अडलं नाही. नुसते डोळे मिटले आणि पडली. भुवई फुटली. मी आणि शेजारच्या दोघींनी उचलून दवाखान्यात नेली.

मॅडमनं टाके घातले. मग विचारलं, "चक्कर आली का?"

"न्हाई वो. डोळं मिटलं आन जमीनच गेली."

मॅडमचा हात थांबला. तिनं आक्काला धरून उभं केलं. "पाय जुळवा. आता माझ्याकडे बघा." आक्का उभी राहिली. "आता डोळे मिटा." आक्कानं डोळे मिटले आणि वाऱ्यात ज्वारीचं ताट हलावं तशी हलायला लागली. मीच धरली. मग मॅडमनं लोखंडी काट्यासारखं काहीतरी टेबलावर वाजवलं आणि आक्काच्या घोट्यावर टेकवलं.

"थरथर कळतेय?"

"कसली थरथर?"

मॅडम खुर्ची ओढून बसली. "आक्का, जेवणात काय काय असतं तुमच्या?"

मी पुढं झाले. "मॅडम, सगळं व्यवस्थित हाय. नाचणी, मोडाची मटकी, पालेभाजी..."

"मावशी, मी त्यांना विचारतेय."

आक्का म्हणाली, "शकी म्हणती तेच. समदं तिनंच सांगितलंय."

"आणि दूध?"

"ते काशीला सोडलं."

"दही? ताक?"

"दूध सोडल्यावर ताक कसं चालंल? देवाला फसवू का काय?"

"अंडी?"

आक्कानं बोटानं गळ्यातली माळ उचलून दाखवली.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं.  त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रक्त पुण्याला पाठवलं. कागद आला, त्यावर कमीत कमी किती असावं तो आकडा होता, आणि आक्काचा आकडा त्याच्याही कितीतरी खाली. मॅडमनं मला आत बोलवून समजावलं. बाराव्याच्या कमीनं रक्त बिघडतं आणि नसाही बिघडतात. फॉलिकच्या गोळ्यांनी रक्त सुधारतं, नसा सुधारत नाहीत. तोंडावर तजेला आला म्हणून सगळ्यांना वाटलं बरं वाटतंय. आत नसांचं जळणं चालूच राहिलं, पायाला जमीन कळेनाशी झाली, डोळे उघडे तोवरच तोल. म्हणजे मी नुसतं औषध नाकारलं नव्हतं, आजारावर पांघरूणही घातलं होतं. वरून आरसा दाखवला होता.

"आता रोज एक, आठवडाभर," मॅडम म्हणाली. "मग आठवड्याला, मग महिन्याला. मावशी, काढा."

मी कपाट उघडलं. एक कुपी नव्हती. जी मी बारा वर्षं पाण्यासारखी वाटली, बटाटा कसा आहे विचारत विचारत धडधाकट माणसांच्या दंडात रिकामी केली, ती एक मंचरहून आणायला दुपार झाली.

टोचताना मला काही विचारायचं सुचेना. आक्काच म्हणाली, "लई दिस मागत व्हते मी."

मी म्हटलं, "व्हय."

"झोंबतंय गं."

"व्हय."

मॅडमनं दुधाचंही सांगून बघितलं. औषध म्हणून घ्या, देव काही म्हणायचा नाही. आक्का ठाम. "शब्द दिलाय."

"मग ही सुई जन्मभर घ्यावी लागेल."

"घीन की. सुईचं काशीत काय ठरलं नव्हतं."

पंधरा दिवसांत जीभ बरी झाली. दोन-तीन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, जळजळ गेली. सहा महिन्यांनी आक्का भिंत सोडून अंगणात चालायला लागली. पण तिथंच थांबलं. उशीर झाला की गेलेल्या सगळ्या नसा परत येत नाहीत. मॅडमनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फक्त मला, आक्काला नाही. धारेला उकिडवं बसणं बंद झालं. एक गाय विकली, मग दुसरी. मुलगा न्यायला आला तेव्हा आक्का काठी न घेता दारापर्यंत चालत गेली, त्याला दाखवायला. मी मागं उभी, जीव मुठीत धरून. पोहोचली. मुलगा एकटाच परत गेला.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आक्का, माझ्यामुळं आठ महिने गेले तुमचे."

"तुला काय ठावं व्हतं?"

"दूध सोडलंय हे तर ठावं व्हतं. तुमच्या गोठ्यातलंच लोटाभर दूध रोज पीत व्हते मी."

आक्कानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मग आता मी तुला शिव्या देत जाईन. तू आयकत जा."

गावात मात्र भलतंच झालं. अंथरुणाला लागायची ती आक्का चालायला लागली, शकूबाईनं जावेला उभं केलं, लाल सुईनं उभं केलं! झालं, बाकडी पुन्हा भरली. "मावशी, आक्काला दिली तीच द्या." मी खरं सांगायचा प्रयत्न केला, लोकांना वाटलं मी मोठेपणा नाकारतेय, त्यांनी माझं आणखी कौतुक केलं. पुढं मॅडमनं शिकलेली नर्स ठेवली आणि मला मानानं बाकड्यावर बसवलं, येणाऱ्याशी बोलायला. मी प्रत्येकाला विचारते, काय खाता, आणि त्याहून महत्त्वाचं, काय सोडलंय. नवसानं, उपासानं, डॉक्टरनं सांगून, सुनेवर रुसून. पहिल्यांदा सगळे म्हणतात, काहीच नाही. मी गप्प बसते. मग निघतं. वेळ लागतो, सुईपेक्षा कितीतरी जास्त. दोघी-तिघी निघाल्या अशा, वेळेवर निघाल्या. त्यांचं नाव गावात झालं नाही, कारण त्या पडल्याच नाहीत.

आक्काची महिन्याची सुई अजून मीच देते. दुसऱ्या कुणाच्या हातची ती घेत नाही, मॅडमनंही ते चालवून घेतलंय.

आणि सकाळी ती तोंड धुते तेव्हा मी मागं उभी असते. हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे. दगडावर उभी राहून ती तोंडाला साबण लावते, एक डोळा मिटते आणि दुसरा उघडा ठेवते, समोरच्या भिंतीवर रोखून. साबण डोळ्यात जातो. डोळा लालभडक होतो, पाणी गळतं, पण ती तो मिटत नाही, आणि तोंडानं मला शिव्या घालत राहते, अगदी नाव घेऊन, माहेरापर्यंत. चूळ भरून होईपर्यंत मी ऐकते. मग टॉवेल पुढं करते.